वाक्य राहतं कुठे, ते आधी शोधा

खेड तालुक्यातल्या महाळुंगे इंगळे गावाच्या हद्दीत बजाज ऑटोचा चाकण प्रकल्प आहे. 2009 साली सुरू झालेला फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या पत्त्यात निघोजे, महाळुंगे आणि खराबवाडी अशी तीन गावं लिहितो. या बड्या कारखान्यांच्या आसपास पत्र्याच्या शेडपासून ऐसपैस प्लॉटपर्यंत प्रेस पार्ट, मोल्ड, जिग-फिक्स्चर, रबर पार्ट, लाकडी पेट्या पुरवणारी युनिटं पसरली आहेत. यांतल्या बहुतेकांना आता वेबसाइट लागते आणि ती एका भाषेत भागत नाही. खरेदी विभागाला इंग्रजी हवं. जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या मुख्य कचेरीत बसून पुरवठादार तपासणाऱ्याला त्याच्या भाषेतली चार पानं दिसली तर काम सोपं होतं. भरतीची जाहिरात, अ‍ॅप्रेंटिसची माहिती आणि सुरक्षेचे नियम मात्र मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या पोरांना मराठीत नाहीतर हिंदीतच वाचायचे असतात.

अशा वेबसाइट मी बांधतो आणि बिघडल्या की दुरुस्तही करतो. युनिटच्या मालकाचा फोन बहुधा एका वाक्याचा असतो: ‘भाऊ, मराठी पान चालत नाहीये.’ कधी भाषांतराचा एडिटर उघडतच नाही. कधी उघडतो, पण निम्मा मजकूर त्यात नसतो. कधी सगळं भरून सेव्ह केलं तरी पानावर इंग्रजीच दिसतं, तर कधी काल नीट असलेलं पान आज पुन्हा जुनं झालेलं असतं. संशय आधी प्लगइनवर जातो, मग होस्टिंगवर, शेवटी भाषांतर करणाऱ्यावर. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. पानावर चुकीचं दिसणारं ते वाक्य साठवलेलं नेमकं कुठे आहे? याचं उत्तर मिळालं की निम्म्याहून जास्त बिघाड तिथेच उलगडतात, आणि उत्तर न शोधता केलेली दुरुस्ती आठवड्याभरात परत अंगावर येते.

वर्डप्रेस 2003 साली आलं ते ब्लॉग लिहिण्याचं साधन म्हणून. पानाचा सगळा मजकूर डेटाबेसच्या एका तक्त्यात, एका रकान्यात सलग ठेवायचा, अशी त्याची सरळ रचना होती. त्यात भाषांतरही सरळ होतं: एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला मराठी. मग पेज बिल्डर आले. 2016 साली आलेल्या एलिमेंटरने मथळा, बटण, टॅब, काउंटर, चित्र असे तुकडे माउसने ओढून पान उभं करण्याची सोय सगळ्यांच्या हाती दिली. हे तुकडे तो जेसॉन नावाच्या स्वरूपात, पोस्ट-मेटा या दुसऱ्याच तक्त्यात साठवतो. जुन्या रकान्यात फक्त मजकुराची एक साधी प्रत उरते.

एवढ्यावर थांबत नाही. एखाद्या प्रेस शॉपचं ‘आमची क्षमता’ हे पान घ्या. मधला मजकूर त्या पानाच्या जेसॉनमध्ये असतो. वरची पट्टी आणि खालचा फूटर वेगळ्या टेम्पलेटमध्ये राहतात आणि सगळ्या पानांवर तेच वापरले जातात. मेनू वर्डप्रेसच्या मेनूमध्ये. चौकशीचा फॉर्म भरल्यावर येणारा ‘धन्यवाद’चा निरोप त्या फॉर्मच्या सेटिंगमध्ये. मशीनची यादी बहुधा कस्टम फील्डमध्ये. आणि बॅनरवरचं ‘शून्य दोष’ हे घोषवाक्य तर डिझायनरने फोटोतच छापलेलं असतं. डोळ्यांना एक दिसणारं पान सहा ठिकाणांहून गोळा होऊन येतं. भाषांतराच्या एडिटरला यांतली किती ठिकाणं ठाऊक आहेत, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

भाषांतराची प्लगइन्सही एका पद्धतीने चालत नाहीत. पॉलिलँगच्या साध्या आवृत्तीत प्रत्येक भाषेचं पान हे स्वतंत्र पान असतं. ते पेज बिल्डरमध्ये उघडायचं आणि हाताने लिहायचं. डब्ल्यूपीएमएल मूळ पानातली वाक्यं सुटी करून एडिटरमध्ये मांडतो आणि भाषांतर पूर्ण झालं की मराठी पान स्वतः नव्याने घडवतो. ट्रान्सलेटप्रेस पान तयार झाल्यावर त्यातलं इंग्रजी वाक्य पकडतो, आपल्या कोशात त्याचा जोडीदार शोधतो आणि पाहणाऱ्यासमोर जाताना बदलून टाकतो. त्यामुळे मूळ वाक्यात नुसता एक स्वल्पविराम वाढला तरी त्याच्या लेखी ते बहुधा नवं वाक्य ठरतं आणि तेवढा भाग इंग्रजीत उघडा पडतो. वेबसाइटवर यांपैकी कोणती पद्धत आहे हे न विचारता दिलेला सल्ला घेऊ नये.

आता सर्वांत जास्त येणारी तक्रार: एडिटरमध्ये वाक्यच दिसत नाही. डब्ल्यूपीएमएलला एलिमेंटरचे स्वतःचे विजेट, म्हणजे पानाचे ते तुकडे, ओळखता येतात. पण पेज बिल्डरसोबत लोक चार-पाच अ‍ॅड-ऑन टाकतात. कुणाला फिरणारी टाइमलाइन हवी असते, कुणाला किमतीचा तक्ता. या परक्या विजेटमधला कोणता रकाना मजकुराचा आणि कोणता नुसत्या रंगाचा, हे प्लगइनला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी एक्सएमएल स्वरूपातली एक कॉन्फिगरेशन फाइल असते. चांगला अ‍ॅड-ऑन ती सोबत आणतो. नसेल तर तीत विजेटचं आणि रकान्याचं नाव आपण लिहायचं, मूळ पान एकदा पुन्हा सेव्ह करायचं आणि भाषांतराला नव्याने पाठवायचं. हे शेवटचं पुन्हा सेव्ह करणं लोक हमखास विसरतात. फाइल बरोबर असते, पण जुनं काम जुन्याच वाक्यांसह उघडतं आणि ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणून नवं प्लगइन विकत घेतलं जातं.

फूटरचं तसंच. पान शंभर टक्के भाषांतरित झालं, पण पत्ता इंग्रजीतच राहिला, कारण फूटरचं टेम्पलेट वेगळं आहे आणि ते भाषांतराला पाठवलंच नव्हतं. पत्त्याची ही गोष्ट इथे किरकोळ नाही. महाळुंगे इंगळे खेड तालुक्यात, महाळुंगे पडवळ आंबेगावात आणि बालेवाडीलगतचं म्हाळुंगे मुळशीकडचं. यंत्राने केलेल्या जर्मन पानात तालुका आणि 410501 हा पिन गळून नुसतं गावाचं नाव उरलं, तर विमानतळावरून निघालेला पाहुणा थेट बालेवाडीच्या क्रीडा संकुलापाशी उतरतो. पत्ता, पार्ट नंबर, स्टीलचा ग्रेड आणि कंपनीचं नाव यांची ‘भाषांतर करायचं नाही’ अशी यादी प्लगइनच्या शब्दसंग्रहात आधीच भरून ठेवावी.

फोटोत छापलेल्या मजकुराला मात्र कोणताही एडिटर हात लावू शकत नाही. तो बॅनर नव्याने बनवायचा, चित्र कोरं ठेवायचं आणि अक्षरं वरून मजकूर म्हणून बसवायची. डिझायनर कुरकुर करतो. तरी हाच मार्ग.

दुसरा बिघाड जास्त दुखवतो, कारण त्यात कुणाची तरी मेहनत वाया जाते. एचआरमधल्या मुलीला मराठी पानावर ‘जेवणाची सुट्टी’ची वेळ चुकलेली दिसते. ती ते पान थेट एलिमेंटरमध्ये उघडते, वेळ दुरुस्त करते, जाता जाता दोन वाक्यंही सुधारते आणि सेव्ह करते. पान छान दिसतं. महिन्याभराने इंग्रजी पानावर नवा विभाग येतो, भाषांतरकार डब्ल्यूपीएमएलचा एडिटर उघडून तेवढाच विभाग भरतो आणि ‘पूर्ण’ हे बटण दाबतो. त्या क्षणी मराठी पान एडिटरमधल्या साठ्यावरून नव्याने घडतं आणि मुलीने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात. आपल्या शॉप फ्लोअरवर ड्रॉइंगची रेव्हिजन बी आली तरी एखाद्या मशीनपाशी पेन्सिलने सुधारलेली रेव्हिजन ए चिकटलेली राहते आणि पुढची प्रिंट निघाली की ती पेन्सिलची खूण हरवते, तसाच हा प्रकार. प्लगइन अशा पानावर इशारा दाखवतं, पण घाईत तो न वाचताच बंद केला जातो.

उपाय शिस्तीचा आहे. प्रत्येक पानासाठी एकच रस्ता ठरवायचा, एडिटर किंवा पेज बिल्डर. एडिटरचा रस्ता धरला असेल तर मराठीतली चूक एडिटरमध्येच सुधारायची आणि मांडणीतली चूक, म्हणजे बटणाचं अंतर किंवा रकान्याची रुंदी, मूळ इंग्रजी पानात सुधारायची. पुसलेला मजकूर परत हवा असेल तर वर्डप्रेसच्या आणि एलिमेंटरच्या जुन्या आवृत्त्यांत तो बहुतेक वेळा सापडतो. आधी तो वहीत नाहीतर साध्या फाइलमध्ये उतरवून घ्या, मग एडिटरमध्ये भरा. जुनी आवृत्ती घाईने ‘रिस्टोअर’ केली तर नवा विभाग जातो आणि भांडण दुप्पट होतं.

सेव्ह केलं, तरी पानावर जुनंच दिसतं, या तक्रारीत दोन शक्यता आधी पाहाव्या. एक म्हणजे एखाद्या वाक्यावर पूर्ण झाल्याची खूण केलेली नसते आणि म्हणून सगळं काम अडून राहतं. दुसरी कॅशेची, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानाच्या प्रतीची. कॅशेचे थर मोजले की माणूस थक्क होतो: ब्राउझर, कॅशे प्लगइन, सर्व्हर, क्लाउडफ्लेअरसारखी सेवा, आणि अलीकडच्या एलिमेंटरचा स्वतःचा साठा. खासगी खिडकीत, लॉग-इन न करता पान उघडा. मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादं अक्षर जोडून उघडा. जोडल्यावर नवा मजकूर दिसला तर भाषांतर जागच्या जागी आहे, अडवणूक कॅशेची आहे. एलिमेंटरच्या टूल्समध्ये फाइल्स आणि डेटाचा जुना साठा काढून टाकण्याचं बटण आहे. ते दाबून बाकीचे थर बाहेरच्या दिशेने एकेक रिकामे करायचे.

एडिटर उघडतच नाही, नुसतं गोल फिरतं, तेव्हा गोष्ट वेगळी असते. डब्ल्यूपीएमएलचा प्रगत एडिटर तुमच्या होस्टिंगवर नसतो, तो त्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्या वेबसाइटशी बोलतो. बोलणं दोन जागी तुटू शकतं. कारखान्याच्या आयटी विभागाने अनोळखी डोमेन बंद केलेली असतात. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून पाहिलं की हे एका मिनिटात कळतं. दुसरी जागा वेबसाइटवरची: सुरक्षेचं प्लगइन किंवा होस्टिंगची फायरवॉल वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या सेवांशी बोलायचं दार, अडवते. ब्राउझरमध्ये एफ 12 दाबून नेटवर्कच्या यादीत लाल झालेली ओळ पाहा. तिथे 403 असेल तर कुणीतरी दार लावलंय, 500 असेल तर सर्व्हर आतून कोलमडलाय, आणि तेव्हा मेमरीची मर्यादा तपासायची.

वेबसाइटची चाचणीसाठी प्रत काढली की आणखी एक पेच पडतो. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच ओळखीने त्या सर्व्हरशी बोलू लागतात आणि एकीकडची कामं दुसरीकडे उघडेनाशी होतात. प्लगइन स्वतः विचारतं की वेबसाइट हलवली आहे की तिची प्रत केली आहे. उत्तर खरं द्यायचं. घाईत भलतंच बटण दाबलं की भाषांतरांचा हिशेब विसकटतो.

जुन्या वर्डप्रेसवर मोठा मेनू अर्धाच सेव्ह होतो, हेही पुष्कळांना चकवतं. पीएचपीमध्ये 2012 पासून एका फॉर्ममधून येणाऱ्या रकान्यांना 1000 ची मर्यादा मुळात घातलेली आहे. 2016 च्या मध्यापर्यंतच्या वर्डप्रेसमध्ये मेनूच्या एकेका ओळीमागे दहाएक रकाने जायचे, त्यामुळे नव्वदीच्या आसपासच्या नोंदींनंतरचा मेनू पडद्यावर काहीही न सांगता गळायचा. वेबसाइट अजून तशा जुन्या आवृत्तीवर असेल तर होस्टिंगवाल्याला ही मर्यादा 3000 किंवा 5000 करायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता आपल्या लिपीचं. इंग्रजीसाठी बांधलेल्या पानात देवनागरी ओतली की काही अडचणी अशा येतात ज्या जर्मनच्या वाट्याला येत नाहीत, आणि परदेशात लिहिलेल्या मदतीच्या पानांत त्यांचा उल्लेखही नसतो. कारखान्यातल्या जुन्या सूचना बहुधा श्रीलिपीत टाइप केलेल्या असतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ते सॉफ्टवेअर, आणि महाराष्ट्राच्या छपाईने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तो मजकूर वर्डमधून उचलून एडिटरमध्ये चिकटवला की रोमन चिन्हांची खिचडी दिसते, कारण तिथे अक्षरं युनिकोडमध्ये नसून फॉन्टच्या खुणांत आहेत. एडिटरचा काही दोष नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा आणि मग ओळ न ओळ वाचायची, कारण जोडाक्षरं कन्व्हर्टरमध्ये सांडतात. चिन्हांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र डेटाबेस जुन्या लॅटिन संचावर अडकलेला आहे. सेव्ह होताना प्रश्नचिन्ह झालेला मजकूर परत मिळत नाही, म्हणून आधी डेटाबेसचा संच बदलायचा आणि नंतरच टाइप करायचं.

‘कर्मचाऱ्यांसाठी’ हा शब्द प्रत्येक कारखान्याच्या मराठी पानावर असतो. त्यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. काही साधनं मजकूर स्वच्छ करताना हे अदृश्य चिन्ह काढून टाकतात आणि पानावर ‘कर्मचार्यांसाठी’ उमटतं. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, मग हलंत आणि य. हा शब्द कुठेही गेला तरी शाबूत राहतो. भाषांतरकाराला ही दुसरी तऱ्हा लावून द्या.

फॉन्टचंही पाहावं. मॉन्टसेराट हा डिझायनरांचा लाडका फॉन्ट, पण त्यात देवनागरी नाही. मग विंडोज आपल्या मनाने निर्मला यूआय लावतं आणि इंग्रजी-मराठी शेजारी शेजारी विजोड दिसतात. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, पॉपिन्स यांत देवनागरी आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता छोट्या मोबाइलवरही नीट वाचता येतो, म्हणून मी तोच सुचवतो. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना फक्त लॅटिनची फाइल उतरवली गेली नाही ना, हे तपासा. इंग्रजी मथळ्यांना दिलेलं अक्षरांमधलं अंतर मराठीत शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. ओळींमधली उंचीही वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात.

वेबसाइटच्या पत्त्यात मराठी शब्द ठेवायची हौस असते. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला 200 खुणांची जागा देतं. इंग्रजीला ती पुरून उरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र एनकोडिंगमध्ये नऊ खुणा लागतात, आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह म्हणून मोजला जातो. ‘ऑटोमोबाईल’ या एकाच शब्दात नऊ चिन्हं आहेत, म्हणजे 81 खुणा तिथेच गेल्या. बाविसाव्या चिन्हाच्या आसपास पत्ता मध्येच तुटतो, आणि लांब शीर्षकांची दोन पानं सारख्याच पत्त्यावर येऊन एकामागे दोनचा आकडा लागतो. मराठी पत्ता ठेवायचाच असेल तर दोन छोट्या शब्दांचा ठेवा.

आकडे हा तर गाफील ठेवणारा भाग. एडिटर आकडे जसेच्या तसे उचलून पुढे नेतात. इंग्रजी पानावरचं ‘1,200 किलो’ जर्मन पानावर तसंच राहिलं तर जर्मन वाचकाच्या रीतीने ते एक पूर्णांक दोन दशांश किलो होतं, कारण तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. टॉलरन्स 0.05 मिमी तिथे 0,05 लिहायला हवा. असा तक्ता कोणतंही यंत्र नीट वाचेल यावर विसंबू नका. डिझाइन विभागातल्या माणसाने तो एकदा नजरेखालून घालावा.

या सगळ्यात काम करायची रीत तेवढी सांभाळा. आधी बॅकअप. मग चालू वेबसाइटवर प्रयोग न करता प्रतीवर. वर्डप्रेसचं हेल्थ चेक नावाचं मोफत प्लगइन आहे. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये बाकीची प्लगइन्स फक्त तुमच्यापुरती बंद होतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वेबसाइट पूर्ववत दिसते. त्यात फक्त पेज बिल्डर आणि भाषांतराचं प्लगइन चालू ठेवून पाहा. बिघाड गेला तर उरलेली एकेक करून चालू करा. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवलेला. दुरुस्ती करणाऱ्याला कळवताना कोणतं पान, कोणतं वाक्य, कोणती भाषा, लॉग-इन असताना की नसताना, एवढं लिहिलं तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

आणि मालकांना माझी एक मनापासूनची विनंती आहे. एडिटर अडला की जर्मन पान त्याच दिवशी दुरुस्त होतं आणि ‘तूर्तास’ म्हणून मराठी भाषा बंद केली जाते, असं मी पुष्कळदा पाहतो. जर्मन पान वाचणाऱ्याला इंग्रजीही येतं. प्रेसवर रात्रपाळीला उभं राहणाऱ्या नव्या मुलाला, सेफ्टी गार्ड कधी काढायचा नाही आणि हात लागला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे मराठी पानावरच नीट कळतं. बिघाड शोधायला वेळ लागणार असेल तर निदान ते एक पान भाषांतराच्या एडिटरमधून बाहेर काढून साधं, स्वतंत्र पान म्हणून चालू ठेवा, आणि इंग्रजीतला नियम बदलेल त्याच दिवशी तेही बदला.